शाब्दिक उदाहरण अडतं ते 'च्या' आणि 'पेक्षा'पाशी

ताई, तुमची मुलगी दहावीत आहे. समीकरणं तयार दिली तर भराभर सोडवते, पण दोन संख्या शोधायचं शाब्दिक उदाहरण आलं की वही मिटते. तिला आणखी कुठली पद्धत शिकवू, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात बावीस वर्षं दहावीच्या शिकवण्या घेते, त्यावरून सांगते: आणखी पद्धत नको. चलाचा लोप करा, एकाची किंमत दुसऱ्यात घाला, नाहीतर क्रेमरच्या निश्चयकांनी काढा, उत्तर तेच येतं. क्रेमरचा नियम १७५० साली छापला गेला; अशी उदाहरणं लोक त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून सोडवत होते. मुलं अडतात ती मांडणीत. आणि मांडणी म्हणजे मराठी वाक्य नीट वाचणं.

हे मला एका मुलीमुळे कळलं. सोलापूरच्या पूर्व भागातली होती, घरी तेलुगू बोलायची, गणितात हुशार. उदाहरण मीच घातलं होतं: एका गठ्ठ्यात चादरी आणि टॉवेल मिळून ५२ नग आहेत, चादरींच्या तिप्पट टॉवेल आहेत, तर प्रत्येकी किती? चादरींची संख्या क्ष, टॉवेलांची य मानली. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे क्ष, य लिहिते.) पहिलं समीकरण बरोबर आलं, क्ष + य = ५२. दुसरं तिनं लिहिलं क्ष = ३य. चादरी ३९, टॉवेल १३ आले. समीकरणांत घालून ताळाही केला, दोन्ही जुळली. तरीही उत्तर उलटं होतं.

मी तिला वाक्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लावलं. 'चादरींच्या' म्हणताना बोट क्ष वर होतं, 'तिप्पट'ला तीन, 'टॉवेल'ला य. शब्द ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं तिनं ते उतरवले होते. आपल्या भाषेची घडणच अशी आहे की हा क्रम चकवतो. ही चूक मराठी घरातली मुलंही तितकीच करतात. त्या दिवसापासून मी मुलांना विभक्तीच बघायला लावते. ज्या राशीला, म्हणजे ज्या संख्येला किंवा मापाला, 'च्या' लागलंय, गुणाकार तिच्यावर होतो. ज्या राशीला 'पेक्षा' लागलंय, मिळवणं किंवा वजा करणं तिच्यावर होतं. जिला यातलं काहीच लागलेलं नाही, ती बरोबरच्या चिन्हाच्या दुसऱ्या बाजूला एकटी बसते. इथे 'च्या' चादरींना लागलंय, म्हणून य = ३क्ष. चादरी १३, टॉवेल ३९. त्या मुलीनं पुढे वर्षभर प्रत्येक उदाहरणात 'च्या' आणि 'पेक्षा'खाली लाल पेनानं रेघ मारली.

अवघड वाक्यातही हेच चालतं, फक्त एकेक थर उलगडावा लागतो. "वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या दुपटीपेक्षा ५ ने जास्त आहे." 'मुलाच्या' आणि 'वडिलांचं' हे नुसते मालकी सांगणारे शब्द, ते सोडून द्यायचे. राशी आहे 'वय'. मुलाचं वय क्ष धरलं, तर 'वयाच्या दुपटी' म्हणजे २क्ष. 'दुपटीपेक्षा ५ ने जास्त' म्हणजे २क्ष + ५. 'वडिलांचं वय' या शब्दांत वयाला काहीच लागलेलं नाही, म्हणून य = २क्ष + ५. आता पुढचं वाक्य असं असलं, की दहा वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या साडेतीन पट होतं, तर दहा दोघांच्याही वयातून जायला हवेत: य − १० = ३.५(क्ष − १०). मुलगा २०, वडील ४५. मुलं बहुतेक वेळा एकाच बाजूचे दहा वजा करतात.

दुसरी गोष्ट पहिल्या ओळीची. मुलीच्या वहीत 'क्ष = चादर' असं दिसलं तर ते तिलाच खोडायला लावा. चादर ही संख्या नाही. चादरींची संख्या असते, एका चादरीची किंमत असते, वजन असतं. वरच्या गठ्ठ्यात क्ष ही संख्या होती. पण "३ चादरी आणि ५ टॉवेल १९५० रुपयांना, २ चादरी आणि ७ टॉवेल १७४० रुपयांना" या उदाहरणात क्ष ही एका चादरीची किंमत आहे. तिथे ३क्ष म्हणजे तीन चादरी नव्हेत, तीन चादरींचे रुपये. (चादर ४५०, टॉवेल १२०.) म्हणूनच चादरीसाठी 'च' आणि टॉवेलसाठी 'ट' घेऊ देऊ नका; अक्षर वस्तूचं नाव होऊन बसतं. भास्कराचार्य पहिलीनंतरच्या अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. काळा, निळा, पिवळा! सुताच्या या गावात मला ते फार आवडतं. 'निळा' म्हटलं की चादर डोळ्यांसमोर येत नाही, राशी नुसती राशी राहते.

बेरीज आणि फरक दोन्ही दिले असतील तर काम सोपं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त याला संक्रमण म्हणतात. तिथलं उदाहरण: बेरीज १०१, फरक २५. दोन्ही मिळवून निम्मे केले की ६३, वजा करून निम्मे केले की ३८. फक्त मोठी संख्या कोणती ते पहिल्याच ओळीत लिहून टाकायचं, नाहीतर चिन्हाचा घोळ होतो.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात वेगळी अडचण येते. दशकस्थानी क्ष, एककस्थानी य, तर मुलं संख्या क्ष गुणिले य किंवा क्ष + य अशी लिहितात. तिच्या हातात दहाच्या तीन नोटा आणि एकेकाची सहा नाणी द्या आणि मोजायला सांगा. १०क्ष + य तिचं तिलाच सुचेल. मराठीत आपण 'छत्तीस' म्हणताना सहा आधी बोलतो आणि लिहिताना तीन आधी लिहितो, तेवढं सांगून ठेवा. अंकांची बेरीज ९, अदलाबदल केली की संख्या २७ ने वाढते: ३६.

ताळा समीकरणात करू नये, मूळ वाक्यात करावा. चुकीचं समीकरण स्वतःच्या उत्तराशी जुळतंच, ते वर गठ्ठ्यात दिसलंच. उत्तराचे आकडे वाक्यात घालून मोठ्यानं वाचायचं: "१३ चादरींच्या तिप्पट, म्हणजे ३९ टॉवेल." कानाला खटकलं की मांडणी पुन्हा.

पंधरा दिवस तिला एकही उदाहरण सोडवू देऊ नका. रोज पाच वाक्यं द्या, तिनं फक्त क्ष, य काय ते लिहायचं आणि समीकरणं मांडून थांबायचं. आज रात्री हे द्या: मोठी संख्या लहान संख्येच्या चौपटीपेक्षा ३ ने कमी आहे, आणि दोघींची बेरीज ४७. लहान संख्या क्ष धरली तर य = ४क्ष − ३ यायला हवं. ३ − ४क्ष आलं तर रागावू नका, 'पेक्षा' कशाला लागलंय ते तिलाच विचारा.