लंडनच्या एका वर्षासाठी दीड एकर ऊस विकावा का?

बेळगाव शहराच्या हद्दीपासून चारेक किलोमीटरवर शेती असलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे : मुलगी अर्थशास्त्रात बी.ए. झाली. लंडनच्या एका विद्यापीठात आर्थिक इतिहास आणि विकास या विषयाच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळतोय. फी, राहणं, व्हिसा, विमान मिळून खर्च ४० लाख. चार एकर बागायतीपैकी दीड एकराला ४५ लाख द्यायला गिऱ्हाईक तयार आहे. शिवाय एका सौहार्द सहकारीत (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी पतसंस्था) ९ लाखांची ठेव आहे. जमीन विकावी, कर्ज काढावं, की मुलीला इथंच शिकवावं?

नमस्कार. जमीन विकू नका. लंडनही यंदा नको. मात्र मुलीला या विषयापासून तोडू नका. त्यासाठी दुसरी, स्वस्त आणि तिच्या पुढच्या वाटा जास्त मोकळ्या ठेवणारी सोय आहे.

आधी जमिनीचं. शेतजमीन विकली की कर नसतो, हे गावात सगळे सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. ज्या शहराची लोकसंख्या एक ते दहा लाखांच्या मध्ये आहे, त्याच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आतली शेती आयकराच्या दृष्टीनं शहरी धरतात. बेळगाव त्याच गटात येतं, आणि तुमचं रान चार किलोमीटरवर. अंतर रस्त्यानं मोजत नाहीत, हवाई मोजतात, त्यामुळं वळणाचा रस्ता कामाला येत नाही. वडिलोपार्जित जमिनीला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ती त्या वेळच्या सरकारी दरानं दीड एकराला ३ लाख निघाली असं समजा. नफा ४२ लाख, त्यावर साडेबारा टक्के कर आणि चार टक्के सेस म्हणजे सुमारे ५ लाख ४६ हजार. दोन वर्षांत दुसरी शेती घेतली तर सवलत मिळते, पण तुम्हाला पैसा फीला हवाय, शेतीला नाही. तेव्हा ती सवलत तुमच्या उपयोगाची नाही.

त्याहून मोठी गोष्ट उताऱ्यात आहे. तुम्ही लिहिलंय की जमीन अजून तुमच्या वडिलांच्या नावावर आहे आणि तुम्हाला दोन बहिणी आहेत. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात नसले तरी तो हक्क आहे. आई असतील तर त्यांचाही वाटा येतो. आधी वारसा लागला पाहिजे, मग सगळ्यांच्या सह्या. बहिणींनी हक्क सोडला नाही, तर ४५ लाखांतला तुमचा हिस्सा १५ लाख किंवा त्याहून कमी. सप्टेंबरच्या सत्रासाठी हे घाईनं उरकायला गेलं की सह्या राहतात, बयाणा घेतलेला असतो आणि प्रकरण कोर्टात जातं. भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं ते वेगळंच.

वर उत्पन्न जातं. एकरी ४० टन आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला तीन हजार हातात धरले, तर दीड एकराचे १ लाख ८० हजार. बी, खत, पाणी, मजुरी एकरी ६० हजार गेली, तरी वर्षाला ९० हजार उरतात. ते कायमचे जातील.

आता कर्ज. परदेशी शिक्षणाला बँका साधारण १५ टक्के रक्कम तुम्हाला घालायला लावतात आणि साडेसात लाखांवर तारण मागतात. तारणाला शेती चालत नाही, कारण थकबाकीत कोर्टाबाहेर जप्तीचा जो कायदा बँका वापरतात, तो शेतजमिनीला लागू नाही. गावातलं घर चालू शकतं, पण पंचायतीच्या ई-स्वत्तू या ऑनलाइन मिळकत नोंदीतला फॉर्म ९ आणि ११ हवा, आणि जुन्या घरांचे हे कागद बहुधा अर्धवटच असतात. ठेवीतले ९ लाख घालून ३१ लाख कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं असं धरू. अभ्यासाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं : साडेसहा लाख. दोन वर्षांनी कर्ज साडेसदतीस लाखांवर उभं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ५० हजार सहाशे, पंधरा वर्षांत फेडायचं तर साडेएकेचाळीस हजार. आर्थिक इतिहास शिकून संशोधन सहायक म्हणून लागणाऱ्याचा इथला सुरुवातीचा पगार याच्या आसपास असतो. म्हणजे पगार आला की हप्त्याला गेला. लंडनमध्येच नोकरी लागेल म्हणावं, तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथं नोकरी शोधायला दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळणार आहेत.

पदवीच्या नावाकडे मात्र कोणी बघत नाही, आणि तिथंच पुढं दार बंद होतं. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतलीच लागते. ‘आर्थिक इतिहास’ किंवा ‘विकास’ एवढंच नाव असलेली पदवी त्या यादीत बसत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी ‘एम.ए. अर्थशास्त्र’ किंवा ‘एम.एस्सी. अर्थशास्त्र’ हे नाव पदरात पाडून घ्या, आणि त्यातच इतिहास, आरोग्य, विकास, वित्त यांचे पेपर निवडा. पुण्याची गोखले संस्था (१९३०), मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ (तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणं फीत सवलत मिळते) हे पर्याय आहेत. या प्रवेश परीक्षांत बी.ए.ची मुलं अडतात ती गणितावर : कलन, मॅट्रिक्स, संभाव्यता. तिनं आत्तापासून सहा महिने रोज दोन तास गणितच करावं, अर्थशास्त्र तिला येतंच.

दोन वर्षांचे सगळे मिळून सहा-सात लाख धरा. पाच लाख कर्ज साडेनऊ टक्क्यांनी काढलं, तर सात वर्षांचा हप्ता दहा हजारांच्या आत-बाहेर राहतो. संस्था पीएम-विद्यालक्ष्मीच्या यादीत असेल तर तारण किंवा जामीन लागत नाही, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याज सवलत मिळते. यादी दर वर्षी बदलते, त्यामुळं प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव पोर्टलवर बघा. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. कर्ज बँकेकडूनच घ्या. सौहार्दसारख्या सोसायटीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट नाही, आणि बँकेच्या कर्जावरची वजावटही जुन्या करपद्धतीतच मिळते.

ठेवीबद्दल. सौहार्द सहकारी ही बँक नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सौहार्दमधल्या ठेवीला तो नाही. अर्धा-एक टक्का जादा व्याजापायी मुलीची फी तिथं ठेवणं बरोबर नाही. मुदत संपेल तसे पैसे बँकेत आणा, आणि एका बँकेत व्याजासकट पाच लाखांवर जाऊ देऊ नका. परदेशाच्या व्हिसालाही पैसे बँकेतच सलग २८ दिवस दिसावे लागतात.

मुलीलाही दोन शब्द. हा विषय दुय्यम नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना बायकांच्या मजुरीचा दोनशे वर्षांचा हिशोब मांडल्याबद्दल मिळालं. तुझ्या आजूबाजूला अभ्यासाला वाट्टेल तेवढं पडलंय : १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला निघालेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक, निपाणीची तंबाखू, तिथल्या विडी कामगार बायका, १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या या जिल्ह्याची दप्तरं. मराठी आणि कन्नड दोन्ही कागद वाचता येणारे संशोधक कमी. त्यात मोडी शिकलीस तर फार मोठं बळ मिळेल. सुट्टीत धारवाडच्या बहुशाखीय विकास संशोधन केंद्रात कामासाठी विचारून बघ. एम.ए.नंतर परदेशी जायचं तर पीएच.डी.साठी जा. चांगल्या ठिकाणी तिथं फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. पदव्युत्तरच करायचं असेल तर दोन वर्षांच्या नोकरीनंतर ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. ती शिष्यवृत्ती सगळा खर्च उचलते.

या आठवड्यात एवढं करा. लंडनच्या विद्यापीठाला डिपॉझिट भरू नका, ते बहुधा परत मिळत नाही. प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येईल का, एवढं ई-मेलनं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि गिऱ्हाइकाकडून बयाणा घेतला असेल तर वकिलाला दाखवून तो आधी परत करा.