कोलॅजेन अडलंय कुठे?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला ब्लॉटचा, म्हणजे जेलवर प्रथिनं वेगळी करून ओळखण्याच्या चाचणीचा, फोटो बघितला. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या मिडियमच्या लेनमध्ये जवळजवळ काहीच नाही आणि खाली तुझा निकाल: ‘मॅडम, या पेशी कोलॅजेन बनवतच नाहीत.’

पेशींवर असा आळ घेऊ नकोस गं. तू दारात उभी राहून बाहेर कोण आलं ते मोजलंस, घरात डोकावली नाहीस. प्लेटच्या तळाला चिकटलेल्या पेशी खरवडून त्यांचा अर्क त्याच जेलवर चालवला होतास का? नसशील. मीही चालवला नव्हता. तुझ्या वयाची असताना एका क्लोनवर मी तीन महिने घालवले, वहीत त्याचं नावच ‘वांझ’ असं लिहून ठेवलं होतं. मग एका दुपारी सहज अँटीबॉडी लावून काच मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर पेशींची ईआर (आत प्रथिनं घडवणारी जाळी) प्रोकोलॅजेनने, म्हणजे टोकं न कापलेल्या कच्च्या कोलॅजेनने, तुडुंब. माल तयार होता, सुटत नव्हता. आणि कारण काय, तर बाटलीत क जीवनसत्त्व नव्हतं.

आपल्या डीएमईएम मिडियममध्ये ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्व, नसतंच, हे आधी बघ. वरून घातलं तरी ३७ अंशांना ते दिवसभरही धड टिकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी एकदा घालून सोमवारी सकाळी कोलॅजेन मोजायचं म्हणजे शनिवार-रविवार पेशींना उपाशी ठेवून वजन करण्यासारखं आहे. फॉस्फेट जोडलेलं ॲस्कॉर्बेट मिळतं, ते टिकतं. तेच वापर.

आता एवढ्याशा व्हिटॅमिनवरून पेशी का अडून बसते, ते नीट समजून घे, कारण तुझ्या पुढच्या दोन वर्षांचं काम त्यावरच आहे.

कोलॅजेन म्हणजे तिपेडी वेणी. टाइप १ घेतलं तर दोन साखळ्या अल्फा-१ आणि एक अल्फा-२. प्रत्येक साखळीत हजारावर अमिनो आम्लं आणि वेणीच्या भागात दर तिसरं ग्लायसिन, कारण तीन पेड जिथे मध्यात येतात तिथे त्याहून मोठं काही मावतच नाही. ही रचना आपल्याच देशात उलगडली, १९५४ मध्ये मद्रासला, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी. तिथल्या चर्म संशोधन संस्थेतून मिळालेल्या कांगारूच्या शेपटीच्या कंडरेवर क्ष-किरण टाकून. परदेशी पाठ्यपुस्तकात हा भाग दोन ओळींत उरकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण पेड एकत्र आले म्हणजे वेणी टिकतेच असं नाही. साखळी ईआरमध्ये उतरत असतानाच तिच्यातल्या बऱ्याच प्रोलिन या अमिनो आम्लांवर एक एन्झाइम हायड्रॉक्सिल गट बसवतं. तो नसेल तर वेणी २४ अंशांच्या आसपासच सुटते, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत उभीच राहणार नाही. तो असेल तर ४० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. या एन्झाइमच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. काम करता करता तो मधूनच ऑक्सिडाइझ होऊन अडकतो, आणि त्याला पुन्हा कामाला लावतं ते क जीवनसत्त्व. १७४७ मध्ये सॅलिसबरी जहाजावर जेम्स लिंडने स्कर्व्हीच्या १२ खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री-लिंबं मिळालेले दोघे आधी सावरले. त्याला प्रोलिन ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तुझ्या प्लेटला, थोडक्यात, स्कर्व्ही झालाय.

(जाता जाता: हायड्रॉक्सिप्रोलिनला, म्हणजे हायड्रॉक्सिल बसलेल्या प्रोलिनला, जनुकात स्वतःचा कोडॉन (संकेत) नाही. ते साखळीत बसल्यावरच प्रोलिनपासून घडवलं जातं. त्यामुळे दुधात कोलॅजेनची पावडर घालून पिणाऱ्या कुणी घरी विचारलंच, तर ते तयार हायड्रॉक्सिप्रोलिन पेशी उचलून साखळीत बसवत नाही, एवढं खात्रीने सांग. वाद वाढवू नकोस.)

वेणीबद्दल आणखी एक गंमत. आपण मानेपासून सुरू करून शेंड्यापर्यंत जातो. पेशी उलटं करते, शेंड्याकडून घालते. साखळी एन टोकापासून बनत जाते, तिचं सी टोक सगळ्यात शेवटी तयार होतं आणि त्या टोकाला एक गुठळीसारखा भाग असतो, सी-प्रोपेप्टाइड. तीन साखळ्यांची ही टोकं आधी एकमेकींना ओळखतात, डायसल्फाइड बंधांनी पक्की होतात आणि मग वेणी एन टोकाकडे झिपसारखी बसत जाते. एखाद्या ठिकाणी ग्लायसिनच्या जागी दुसरंच काही आलं, तर झिप तिथे अडखळते. तिथून पुढचा न विणलेला भाग एन्झाइमांच्या तावडीत जास्त वेळ राहतो आणि त्यावर हायड्रॉक्सिलसारख्या गटांची जास्तीची सजावट होते. जेलवर तो बँड वर सरकतो, फेंदारतो. ठिसूळ हाडांच्या आजारात, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये, हे दिसतं. तिथलं गणित एकदा हाताने करून बघ: अल्फा-१ च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक अजिबात मुकी असेल तर कोलॅजेन निम्मं होतं, पण जे होतं ते चांगलं असतं. एक प्रत बिघडलेली साखळी बनवत असेल तर चारांतल्या तीन वेण्यांत निदान एक वाईट पेड येतो. म्हणून कमी कोलॅजेनपेक्षा भेसळीचं कोलॅजेन जास्त छळतं. ‘कोलॅजेन कमी’ एवढंच लिहून थांबलीस की मला राग येतो, तो यासाठी.

वेणी झाली तरी ती अंगाच्या तापमानाला जेमतेमच स्थिर असते, म्हणून ईआरमध्ये एचएसपी-४७ नावाचं प्रथिन तिला धरून ठेवतं. पुढे गॉल्जीच्या (ईआरनंतरच्या, माल पुढे धाडणाऱ्या कप्प्यांच्या) वाटेवर आम्लता थोडी वाढली की ते हात सोडतं आणि परत फिरतं.

आणि इथे खरी अडचण येते. वेणी ताठ आहे आणि ३०० नॅनोमीटर लांब. ईआरमधून माल नेणाऱ्या नेहमीच्या कॉप-२ पिशव्या ६० ते ९० नॅनोमीटरच्या. रंगाऱ्याची लांब शिडी रिक्षात घालायची, आणि शिडी वाकवायची परवानगी नाही! २००९ मध्ये बार्सिलोनात विवेक मल्होत्रा यांच्या गटाने दाखवलं की कोलॅजेन-७ बाहेर पडायला ईआरच्या दारावरचं टँगो-१ हे प्रथिन लागतं. ते आतून मालाला धरतं आणि बाहेरून पिशवीच्या आवरणाला. पुढे पिशवीच मोठी होते की दोन कप्प्यांच्या मध्ये थोडा वेळ बोगदा तयार होतो, यावर मंडळी अजून भांडतायत. मला बोगद्याची बाजू पटते, पण माझ्या पटण्यावर तू प्रबंध लिहू नकोस. गॉल्जीतलं मात्र बरंच आधी कळलं होतं. १९९८ मध्ये इटलीतल्या आल्बेर्तो लुइनींच्या गटाने पाहिलं की प्रोकोलॅजेन एका कप्प्यातून दुसऱ्यात उडी मारत नाही. प्रवासी जागेवरच बसून राहतो आणि डबाच पुढे सरकतो.

एवढं सांभाळून बाहेर आल्यावर मग दोन्ही टोकांची प्रोपेप्टाइडं कापली जातात. एन टोक ॲडॅमटीएस-२ कापतं, सी टोक बीएमपी-१. सी टोक गेलं की विद्राव्यता एकदम कोसळते आणि काड्या एकमेकींच्या बाजूला सरकून ६७ नॅनोमीटरच्या पट्ट्यांचे तंतू बनतात. हेच पेशीच्या पोटात झालं असतं तर? प्रोपेप्टाइडं ही तलवारीची म्यानं आहेत, घराबाहेर पडल्याशिवाय काढायची नाहीत. बेल्जियममध्ये काही वासरं सापडली होती, त्यांची कातडी जराशा ओढीने फाटायची. १९७१ मध्ये कळलं की त्यांच्यात एन टोक कापणारं एन्झाइमच चालत नव्हतं. म्यान तसंच राहिलेलं, तंतू वेडेवाकडे. प्रोकोलॅजेन हा शब्द पुढे आला तोही त्याच सुमारास. कापलेली ती टोकं वाया जात नाहीत बरं का: हाडांच्या तपासणीत पी१एनपी म्हणून रक्तात जे मोजतात, ते हेच एन टोक.

शेवटी तांबं लागणारं लायसिल ऑक्सिडेज तंतूंना आडवे टाके घालतं. ते अडवायला तुझ्या फ्रीजमध्ये बीएपीएन आहे. ते स्वीट पीच्या बियांमुळे कळलेलं विष, हाडं आणि कंडरा बिघडवणारं. आपल्या विदर्भातल्या लाखोळी डाळीचं विष वेगळं, ते नसांवर जातं. दोन्ही वनस्पती लॅथिरसच, म्हणून सेमिनारमध्ये हमखास घोळ होतो.

तर आता काम. प्लेटमधल्या पातळ मिडियममध्ये टोकं कापायचं काम फार रेंगाळतं, त्यामुळे एकच स्वच्छ अल्फा-१ बँड मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. दोन्ही टोकं असलेलं, फक्त सी असलेलं, फक्त एन असलेलं आणि पूर्ण कापलेलं, असे चार शोध. डेक्स्ट्रान सल्फेट घालून मिडियम दाट केलंस तर कापणी वाढते. कोलॅजेन जेलवरच्या वजनाच्या मार्करच्या हिशोबापेक्षा बरंच वर धावतं, तेव्हा वजन बघून बँड नाकारू नकोस. पेशींचा अर्क आणि मिडियम शेजारी शेजारी चालव, आणि सीरमचा अल्ब्युमिन लेन फुगवतोय का तेही बघ.

मग एक प्रयोग फक्त बघायच्या सुखासाठी कर. पेशी रात्रभर ४० अंशांना ठेव, वेणी बसत नाही आणि सगळं प्रोकोलॅजेन ईआरमध्ये तुंबतं. सकाळी ३२ अंशांना आण, ॲस्कॉर्बेट घाल, घड्याळ लाव. शून्य, दहा, वीस, तीस मिनिटांना एकेक काच फिक्स कर. पहिल्या काचेवर पेशीभर जाळं दिसेल, शेवटच्या काचेवर केंद्रकाच्या शेजारी गॉल्जीचा घट्ट ठिपका. ३२ च्या इन्क्युबेटरचं दार उगाच उघडत बसू नकोस, आणि चारही फोटो एकाच एक्स्पोजरवर काढून मला पाठव.

तुझी,
मॅडम