रेट्रो रंगसंगती : आधी साल सांगा, मग रंग

काल्पनिक विमान कंपनी काढून तिचा ताफा रेट्रो, म्हणजे जुन्या जमान्यातल्या रंगांत रंगवणारे, मग ते मॉडेलवाले असोत वा संगणकावर विमान उडवणारे सिम्युलेटरवाले, फिरून फिरून त्याच त्या शंका पाठवतात. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : रेट्रो म्हटलं की खिडक्यांवरून आडवा पट्टा हवाच का?

नाही. ब्रॅनिफ या अमेरिकी विमान कंपनीने 1965 साली डिझायनर अलेक्झांडर जिरार्डकडून विमानं एकेका सपाट रंगात रंगवून घेतली, तीही रेट्रोच.

प्रश्न : माझी कंपनी 1985 साली सुरू झाली असं ठरवलंय. एका विमानाला साठच्या दशकातले रंग दिले तर?

कंपनी जन्मालाच आली नव्हती, तर रंग कुठून आले? फार हौस असेल तर तिने एखादी जुनी कंपनी गिळली असं दाखवा. यूएस एअरवेजने पीडमाँट, पीएसए अशा पोटात घेतलेल्या कंपन्यांचे रंग आपल्या विमानांवर चढवले होतेच. इतिहास आधी कागदावर उतरवा आणि कुणा जाणत्याला दाखवा.

प्रश्न : जुनी विमानं वजन वाचवायला बिनरंगी ठेवत, असं ऐकलंय. माझ्या बोइंग 787 ला चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ठेवू का?

ऐकलेलं अर्धंच आहे. रंगाचं वजन वाचतं, पण ते पत्रे सतत घासून-पुसून चकचकीत ठेवावे लागतात. शिवाय 787 चा सांगाडा कार्बन फायबरचा; घासायला धातू आहेच कुठे? चकचकीत धातूसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सनेही 2013 मध्ये रुपेरी रंग घेतला. तुम्हीही तोच घ्या. फक्त नाकाच्या टोकाला वेगळी राखाडी छटा द्या. आत रडार असल्यामुळे ते टोक धातूचं नसायचं आणि बिनरंगी विमानातही रंगवलेलंच असायचं.

प्रश्न : जुन्या बोइंग 707 वरचा निळा पट्टा जसाच्या तसा माझ्या 787 वर घेतला, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काय चुकलं?

जसाच्या तसा घेतलात, हेच चुकलं. या एका पट्ट्यापायी मी किती ताफे वाया गेलेले पाहिलेत! 787 ची खिडकी सुमारे 47 सेंटिमीटर उंच; 707 ची तिच्यापुढे अगदीच चिमुकली. जुन्या मापाचा पट्टा या खिडक्यांच्या मधूनच जातो आणि खिडक्या वरून-खालून डोकावतात. माप सेंटिमीटरात घेऊ नका, पट्टा खिडकीच्या किती पट होता ते मोजा.

मग शेपटीकडे बघा. तिथे विमानाचं पोट वर चढत जातं, त्यामुळे पट्टा सरळ असूनही खाली घसरल्यासारखा दिसतो. नाकाकडे दोन्ही बाजूंचे पट्टे कुठे भेटणार? कॉकपिटच्या काचांखाली निमुळते होऊन की काचांना कवेत घेऊन? हे बाजूच्या चित्रात कळतच नाही आणि सगळे चितारतात मात्र बाजूनेच. मॉडेलवर चिकटपट्टी लावा आणि समोरून, जरा तिरकं बघा. पाच मिनिटांचं काम, पण कुणी करत नाही.

दारांचंही तेच. बाहेरून उघडणाऱ्या आपत्कालीन दाराभोवती उठून दिसणारी दोन इंची चौकट अमेरिकी नियमांत सक्तीची आहे. गडद पट्टा दारावरून गेला की चौकटीचा रंग तेवढ्या भागात बदलावा लागतो.

खऱ्या कंपन्याही आंधळी नक्कल करू शकत नाहीत. ब्रिटिश एअरवेजने 2019 मध्ये आपल्या पूर्वज कंपनीचे, बीओएसीचे रंग बोइंग 747-400 वर चढवले. बीओएसीच्या काळातल्या 747 चा वरचा मजला आखूड होता. 400 चा लांब. रंगांची मांडणी नव्या अंगावर बेतावीच लागते. तुमचा टेम्पलेट, म्हणजे रंग भरायचा कोरा आराखडा, उलगडलेल्या पत्र्याचा आहे की बाजूच्या चपट्या चित्राचा, हे तो बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : पैसे देऊन 'अस्सल रेट्रो' रंगांचा संच घेतला. सगळेच रंग पिवळट का?

कारण जुन्या फोटोंतून उचललेत. फोटो पिवळा पडतो. विमान नवं असताना पांढरंशुभ्र होतं. फिकट फोटोवरचा रंग 'अस्सल' म्हणून विकायचा आणि वर विमान जुनं दिसावं म्हणून ओरखड्यांचा थर फुकट द्यायचा, हा धंदा जुनाच आहे. एकाच विमानाचे तीन-चार वेगवेगळे फोटो शेजारी ठेवा, फरक दिसेल. छापायचं असेल तर आधी नमुना छापून बघा आणि छापणाऱ्याशी बोला.

प्रश्न : बंद पडलेल्या कंपनीचा लोगो वापरला तर चालतो ना?

कंपनी मेली तरी लोगोचा मालक जिवंत असू शकतो. विकायचं असेल तर वकिलाला विचारा.

प्रश्न : चौदाही विमानं रेट्रो रंगात पूर्ण झाली. आता सल्ला द्याल का?

आता? चौदाही विमानं रेट्रो असतील तर ते रेट्रो नाही, तोच तुमचा आजचा रंग. एक ठेवा, फार तर दोन. कोणती ठेवायची ते फोटो पाहून सांगतो. समोरून काढलेले पाठवा, बाजूचे नकोत.