तिचा प्रश्न बालिश नाही

नमस्कार,

तुमच्या पत्रावरून कळतं, की तुमची मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी झाली आहे आणि बॅटरीतल्या इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे आत विद्युतभार वाहून नेणाऱ्या पदार्थावर, तिला पीएचडी करायची आहे. एक कंपनी आणि विद्यापीठ मिळून तीन वर्षांची जागा देत आहेत, पगार कंपनीचा. तुम्ही परस्पर होकार कळवलात आणि आता मी तिला समजवावं म्हणता. पत्रात पुढे लिहिता, ‘तिथे केलेलं काम मला छापता येईल का, असले बालिश प्रश्न घेऊन बसली आहे.’

सबंध पत्रात शहाणा प्रश्न तेवढा एकच आहे, आणि तो तिचा आहे.

कंपनी पैसे घालते ती पेटंटवर डोळा ठेवून, आणि त्यात गैर काही नाही. युरोपात तर पेटंटचा अर्ज करण्याआधी तो शोध एखाद्या परिषदेतल्या पोस्टरवर जरी झळकला, तरी त्याचं नावीन्य गेलं असं धरतात. त्यामुळे शोधनिबंध काही महिने रोखून धरायला कंपनी सांगणारच, तेवढं चालतं. पण करारात ‘कंपनीच्या परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये’ एवढंच असेल आणि मुदत लिहिलेली नसेल, तर सही करू नये. पदवी विद्यापीठ देतं, प्रबंध बाहेरचे परीक्षक वाचतात. तिथे महत्त्वाचे आकडेच झाकून ठेवावे लागले तर ती काय दाखवणार? आणि पुढे दुसरीकडे अर्ज करताना तिच्या हातात छापलेले निबंधच असतील.

प्रवेश परीक्षा, नोंदणी वगैरे विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे, त्यात वेगळं काही नाही.

‘पीएचडी झाली की तिथेच पक्की नोकरी’ हा तुमचा समज मात्र आधी काढून टाका. फ्रान्समध्ये 1981 पासून ‘सिफ्र’ नावाची योजना आहे. तीत कंपनी विद्यार्थ्याला नोकरीवर घेते आणि सरकार कंपनीला अनुदान देतं. पण ती नोकरी तीन वर्षांच्या मुदतीचीही असू शकते. डेन्मार्कच्या योजनेतही विद्यार्थी कंपनीचा कर्मचारी असतो आणि वेळ कंपनी व विद्यापीठात वाटून देतो. तिथेही नेमणूक संशोधनापुरती असू शकते. पुढे ठेवून घेतलं तर उत्तम, पण तसं वचन कुणी दिलेलं नसतं. उलट मधेच कंपनीने तो विभागच गुंडाळला तर काय, हे आधी विचारायला हवं. मार्गदर्शक कोण राहील, पगार कोण देईल, तोवर जमवलेली मोजमापं कुणाची?

मी या वाटेच्या विरोधात नाही. बऱ्याच प्रयोगशाळांना परवडत नाहीत अशी उपकरणं तिथे हाताळायला मिळतात, आणि प्रश्न खरे असतात. फक्त मार्गदर्शक दोन. एक विचारतो ‘हे असं का होतं?’, दुसरा विचारतो ‘पुढच्या तिमाहीत काय दाखवाल?’ दोघांच्या मध्ये तीन वर्षं उभं राहायचंय ते तिला, तुम्हाला नव्हे.

तेव्हा कंपनीला आजच कळवा, की होकार वडिलांचा होता, उमेदवार स्वतः उत्तर देईल. कराराचा मसुदा तिच्या हाती येऊ द्या आणि तो घेऊन तिला विद्यापीठातल्या मार्गदर्शकाकडे एकटीला जाऊ द्या.

पुढचं पत्रही तिनेच लिहावं. इलेक्ट्रोलाइटमध्ये तिला नेमकं काय शोधायचंय, ते तुमच्या चार पानांत कुठेच नाही.