टेनपिन बोलिंग लीगचा हँडिकॅप कॅल्क्युलेटरशिवाय तोंडी कसा काढायचा?

हँडिकॅप म्हणजे कमी सरासरीच्या खेळाडूच्या प्रत्येक गेमच्या स्कोअरमध्ये मिळवायच्या जादा पिना, म्हणजे गुण. समजा तुमच्या लीगचा नियम असा आहे: बेस (ज्या आकड्यातून सरासरी वजा करायची तो) २२०, टक्केवारी ९०, प्रत्येक सीरिजला, म्हणजे एका सामन्यात, तीन गेम. म्हणजे २२० मधून खेळाडूची सरासरी वजा करायची, येणाऱ्या फरकाचे ९० टक्के घ्यायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. तोंडी हिशेब बहुतेक वेळा गडबडतो तो या अपूर्णांकापाशीच.

आधी फरक. सरासरी १६७ असेल तर हातचे घेत वजाबाकी करत बसू नका, वर चढत जा: १६७ चे १७० व्हायला ३, तिथून २२० पर्यंत ५०. फरक ५३.

आता ९० टक्के. नवाने गुणायची गरज नाही, फरकातून त्याचा दहावा भाग काढून टाका. मात्र हा दहावा भाग पूर्णांकात नसेल तर वरच्या पूर्णांकाला न्या. ५३ चा दहावा भाग ५.३, तो ६ धरा; ५३ − ६ = ४७. ताळा करा: ५३ चे ९० टक्के ४७.७, अपूर्णांक सोडला की ४७च. घाईत ५.३ चे ५ धरले तर ४८ येतात आणि एक पिन फुकट दिली जाते. उत्तर खाली उतरवायचं असेल तर वजा होणारा आकडा वर चढवावा लागतो, एवढंच त्यामागचं गणित. हाताशी ठेवायची रीत अशी: शेवटचा अंक झाका, जे उरेल त्यात १ मिळवा आणि तेवढं वजा करा. शेवटचा अंक शून्य असेल तर १ मिळवायचा नाही. ५० चे ४५, ५१ चेही ४५.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. सरासरी एकाने वाढली की हँडिकॅप एकाने उतरतो, पण फरक ५१ वरून ५० वर, ४१ वरून ४० वर येतो तेव्हा हँडिकॅप जागचा हलत नाही. त्या आठवड्यात तक्त्यात आकडा तोच दिसला म्हणून कुणी चूक काढली, तर हे दाखवा.

टक्केवारी वेगळी असली तरी युक्ती हीच. ७५ टक्क्यांना चौथा भाग वर नेऊन वजा करा: ५३ ला १४, उरले ३९. ९५ ला विसावा भाग: ३, उरले ५०. ८० टक्क्यांना मला उलटी रीत सोपी वाटते: आठाने गुणा आणि शेवटचा अंक टाका, ४२४ चे ४२. ८५ ला जरा जपून. दहावा भाग आणि त्याचा निम्मा यांची आधी बेरीज करा (५.३ + २.६५ = ७.९५) आणि मग एकदाच वर न्या: ८, उरले ४५. दोन्ही तुकडे वेगवेगळे वर नेलेत तर ९ वजा होतात आणि खेळाडूची एक पिन जाते.

सीरिजचा हँडिकॅप काढताना आधी एका गेमचा पक्का करा, मग तिप्पट: ४७ × ३ = १४१. फरकच तिप्पट करून ९० टक्के घेतले तर १४३ येतात. संघाचंही तसंच. चौघांचे फरक ५३, ४१, २८, ६७ असतील तर हँडिकॅप ४७, ३६, २५, ६०, बेरीज १६८. फरकांची बेरीज १८९ करून ९० टक्के घेतले तर १७०. गेममागे दोन पिनांचा हा फरक सीरिजला सहा पिनांचा होतो आणि तेवढ्यात सामना फिरू शकतो. म्हणून संघाचा हँडिकॅप कसा मोजायचा हे लीगच्या नियमात स्पष्ट लिहून घ्या. तिथे एकेकाचा मोजून बेरीज करा असं असेल, तर शॉर्टकट म्हणूनही एकत्र हिशेब करू नका.

सरासरी दर आठवड्याला नव्याने भागून काढण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. त्यापेक्षा सरासरीशेजारी बाकीही लिहून ठेवा. समजा १२ गेमच्या २००९ पिना आहेत: सरासरी १६७, बाकी ५. या वेळी १७१, १५८, १८३ पडले. तिन्ही स्कोअर १६७ शी ताडून पाहा: +४, −९, +१६, मिळून +११. जुनी बाकी ५ धरून १६. आता गेम झाले १५. १६ मध्ये १५ एकदा जातात, म्हणून सरासरी १६८, बाकी १. हँडिकॅप ५२ − ६ = ४६. बाकी ऋण आली, अगदी −१ जरी आली, तरी सरासरी एकाने उतरते आणि बाकीत गेमची संख्या मिळवायची: १५ गेमनंतर −१ म्हणजे सरासरी १६६, बाकी १४. बाकीचा आकडा नेहमी शून्य ते गेमच्या संख्येपेक्षा एक कमी, या टप्प्यातच बसला पाहिजे. एकदा मिळवूनही ऋणच राहिली तर सरासरी आणखी एकाने उतरवून पुन्हा मिळवा; तरी बसत नसेल तर बेरीज तपासा.

सामना चालू असताना कोण पुढे आहे हे पाहायला दोघांच्या स्कोअरमध्ये हँडिकॅप मिळवत बसू नका. १६७ वाल्याला ४७, १९५ वाल्याला २२, एका गेममध्ये अंतर २५. पहिला २५ पेक्षा कमी पिनांनी मागे असेल तर हँडिकॅपसह तोच पुढे; बरोबर २५ ने मागे असेल तर बरोबरी.

एखाद्याची सरासरी २२० च्या वर गेली तर फरक ऋण येतो. तिथे शून्य धरायचा की ऋण हँडिकॅप लावायचा, हे लीगचा नियम ठरवतो. हँडिकॅपला कमाल मर्यादा ठेवली असेल तर ती सगळा हिशेब झाल्यावर, गेमच्या आकड्याला लावायची.