फी माफ आहे, मग कॉलेज पैसे कशाचे मागतंय?

प्रवेशाच्या दिवसांत सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘शासनानं मुलींचं शिक्षण मोफत केलं म्हणतात, मग कॉलेज पैसे कशाचे मागतंय?’ परभणी जिल्ह्यातले एक वडील मात्र प्रश्न घेऊन नाही, निर्णय घेऊनच आले होते. मुलीला कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून, पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा लागली होती. दोन दिवसांत रिपोर्टिंग, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करणं, होतं.

‘मॅडम, हिला तालुक्यालाच बीएस्सीला घालतो. तुम्ही फक्त हिची समजूत काढा.’

‘मला चालेल बीएस्सी,’ मुलगी लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की मी विचारलं, कुठला विषय घेणार? तिला सांगता येईना.

अशा वेळी मी करिअरवर बोलत नाही. आधी कागद मागते. वडिलांच्या मोबाइलवर कॉलेजनं पाठवलेला फीचा तक्ता होता आणि घरात सगळ्यांनी त्यातला तळाचा आकडा तेवढा वाचला होता: 1,30,000. मी तो वहीत ओळीओळीनं उतरवून घेतला. शिक्षण शुल्क 1,12,000. विकास शुल्क 11,200. अनामत, विमा, विद्यापीठाचं किरकोळ मिळून 6,800. मग पहिल्या ओळीवर काट मारली.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, 8 लाखांच्या आत. प्रवेश कॅपमधून हवा; मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर लाभ नाही. खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठंही यात बसत नाहीत, आणि नेमकी हीच गोष्ट कित्येकांना फी भरून झाल्यावर कळते. हे कुटुंब ओबीसी, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हातात, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला 1,10,000 चा. मुलगी चोख बसत होती. म्हणजे प्रवेशाला लागणार होते 18,000.

‘मोफत’ हा बातमीतला शब्द. त्यात विकास शुल्क नाही, राहणं नाही, जेवण नाही. बातमी देणाऱ्यांनी एवढी एक ओळ जास्त छापली असती तर माझे निम्मे फोन वाचले असते.

वडील आकड्याकडे बघत राहिले, पण चेहरा सैल पडेना. खरी भीती वेगळीच होती. कॉलेजच्या क्लार्कनं फोनवर सांगितलं होतं, हमीपत्र द्यावं लागेल: शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही तर पूर्ण फी भरू. ‘उद्या सरकारनं पैसे नाही दिले तर? सही माझी आहे ना.’ सोसायटीचं कर्ज थकल्यावर दारात आलेली माणसं या घरानं पाहिलेली. त्यांना ‘घाबरू नका’ म्हणणं म्हणजे तोंडदेखलं बोलणं झालं असतं. त्यामुळे हमीपत्र अंगावर येतं कधी, तेवढंच बोललो. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाच नाही, मुदत चुकवली, कागद खोटा निघाला, तर. शासनाकडून पैसे उशिरा येतात, हे खरंच आहे. कधी एक हप्ता येतो आणि दुसऱ्याची वाट बघत पुढचं वर्ष उजाडतं. पण पात्र विद्यार्थिनीकडून माफ झालेली फी आधी भरून घेऊ नये, असं कॉलेजांना बजावलेलं आहे. तरी कोणी मागितलीच, तर तोंडी वाद न घालता लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

मग मुलीकडे वळले. महाडीबीटीवरचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, फॉर्म हे तिचं काम, वडिलांचं नाही आणि नेट कॅफेवाल्याचं तर अजिबात नाही. कॅफेवाला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो आणि पुढे ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं. फॉर्म आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. ‘पैसे आले नाहीत’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिलं विचारते, फॉर्म आत्ता कोणाच्या लॉगिनला आहे? बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. दुसरा प्रश्न आधारचा. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. या मुलीचं आधार निघालं सिमकार्ड घेताना उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्याला. ते खातं आपल्याला आहे, हेच तिला माहीत नव्हतं! बँकेत जाऊन तिनं ते बदलून घेतलं.

उरला पुण्यात राहण्याचा खर्च, आणि इथे माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 मिळतात. पण जागा मोजक्या. तेव्हा अर्ज करायचा, पण त्या पैशांवर घरचा हिशोब मांडायचा नाही. शैक्षणिक कर्जाचंही बोललो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. वडिलांनी मान हलवली, नकारार्थी. मीही रेटलं नाही. मामा पिंपरीला राहतात, पहिलं सत्र तिथून करता येईल, हे मुलीनंच सुचवलं. तासाभरात ती पहिल्यांदा आपणहून बोलली होती.

प्रवेश झाला. फॉर्म एकदा ‘सेंड बॅक’ आला, उत्पन्नाचा दाखला धूसर स्कॅन झाला म्हणून. तिनं स्वतःच दुरुस्त करून पाठवला आणि मला फक्त स्क्रीनशॉट टाकला. आधार योजनेच्या यादीत नाव लागलं नाही. ती अजून मामांकडेच आहे, रोज दीड तास बसमध्ये जातो आणि त्याबद्दल तिची भरपूर कुरकुर असते.

परवा वडिलांचा फोन आला. धाकटा बारावीला आहे, त्याला किती माफ होईल? मुलांना निम्मंच, मी म्हटलं. ‘निम्मं तर निम्मं. नॉन-क्रिमिलेअरला कधी टाकू, आत्ताच का निकालानंतर?’ आत्ताच, म्हटलं. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग असते.