टर्बो गाडीचा एक्झॉस्ट घरी बनवावा का? ठेव मोडण्याआधीचा हिशेब

प्रश्न : माझे वय 32 असून भांडुपला तळमजल्यावर आमचे स्वतःचे घर आहे. हातात 88,000 रुपये पगार येतो. त्यातले 58,000 घरखर्च, घराचा हप्ता आणि गाडीचा हप्ता यांत जातात आणि 20,000 एसआयपीत. गाडी टर्बो पेट्रोल (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा भरणारा टर्बो असलेली), तीन वर्षांची आहे. तिच्या कर्जापैकी 3,10,000 बाकी आहेत. तिच्यासाठी स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर मागे नेणारे पाइप व सायलेन्सर) मला घरीच बनवायचा आहे. टिग वेल्डिंगचे (टंगस्टनच्या टोकाने बारीक जोड मारण्याचे) यंत्र 38,000, तापलेला जोड हवेपासून वाचवणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलिंडर व रेग्युलेटर 16,000, ग्राइंडर, हेल्मेट व इतर हत्यारे 17,000 आणि पाइप, बेंड, फ्लँज (पाइपांची तोंडे जोडणारी जाड कडी) 24,000, असा एकूण 95,000 खर्च आहे. गॅरेजवाला तयार एक्झॉस्ट 62,000 मध्ये बसवून देतो. पुढे मित्रांच्या गाड्यांचे काम प्रत्येकी 40,000 मध्ये घेऊन खर्च भरून काढता येईल. यासाठी 3,00,000 ची मुदत ठेव मोडावी का?

उत्तर : ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपली आवड मोडीत काढावी, असे मी म्हणणार नाही, कारण हाताने काही घडवण्याची इच्छा मला मोलाची वाटते आणि आपण मांडलेले आकडेही प्रामाणिक आहेत.

मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास बँक व्याजदरात थोडी कपात करते. तो तोटा किरकोळ आहे. प्रश्न वेगळाच आहे. आपला महिन्याचा खर्च 58,000 धरला, तर 3,00,000 म्हणजे पाच महिन्यांची तरतूद होते. 95,000 काढल्यावर ती साडेतीन महिन्यांवर येते. दोन हप्ते चालू असलेल्या माणसाची नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले, तर हा दीड महिना फार मोठा ठरतो. आणीबाणीचा पैसा हौसेला वापरला की तो पुन्हा भरला जाण्याआधीच दुसरी गरज उभी राहते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता वसुलीचा हिशेब पाहू. पाइप वगळता 71,000 रुपये यंत्रसामग्रीत अडकतात. मित्राकडून 40,000 घेतले आणि 24,000 चा माल लागला, तर 16,000 उरतात. परंतु आर्गॉन, टंगस्टन, फिलर तार, कटिंगच्या चकत्या आणि वाया जाणारे तुकडे यांचे किमान 3,000 धरले, तर हाती 13,000 राहतात. म्हणजे 71,000 सुटण्यासाठी सहा गाड्या लागतील. आपण म्हणाल की स्वतःच्या गाडीचे 62,000 वाचले, त्यातून स्वतःच्या माल व फुटकळ खर्चाचे 27,000 वजा करून 35,000 धरल्यास तीन गाड्यांतच भागते. परंतु गॅरेजचा 62,000 चा एक्झॉस्ट आपण खरोखर घेणार होता का, हे स्वतःला विचारावे. घेणार नसाल, तर ती रक्कम वाचली असे म्हणता येणार नाही. शिवाय या हिशेबात आपल्या रविवारांची मजुरी शून्य धरलेली आहे.

आणि पहिलाच एक्झॉस्ट चांगला होईल, हे गृहीत धरता येत नाही. स्टेनलेसच्या पाइपला बाहेरून जोड कितीही सुंदर दिसला, तरी आतल्या बाजूला आर्गॉन भरून हवा बाहेर काढली नसेल, तर आतला धातू जळून काळा आणि रवाळ होतो आणि तापून थंड होण्याच्या रोजच्या चक्रात तिथेच चीर पडते. फ्लँज उष्णतेने वाकली, तर दोन फ्लँजमधली फट बंद करणारी गॅस्केट बसत नाही आणि गळती सुरू होते. ही गळती धुरातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सर चुकीचे वाचन देतो आणि इंजिनाला चुकीच्या प्रमाणात इंधन मिळते. टर्बोच्या तोंडाशी वायूचे तापमान कित्येक शे अंश सेल्सिअस असते. तिथे नवशिक्याच्या जोडाला सवलत मिळत नाही. मित्राच्या गाडीत असे झाले, तर दुरुस्तीचा खर्च आणि बिघडलेली मैत्री दोन्ही आपल्याच खात्यात येतील.

यापेक्षाही मोठी जोखीम आपल्या तक्त्यात कुठेच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपासून वेगळा ठरणारा बदल गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम 190 लागू होऊन पहिल्याच गुन्ह्याला 10,000 पर्यंत दंड आणि तीन महिने परवान्यावर गदा येऊ शकते. दंड परवडेल. परंतु न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विमा कंपनीने दावा नाकारला, तर गाडी गेलेली असेल आणि बँकेचे 3,10,000 चे कर्ज मात्र आपल्याला फेडावेच लागेल. केवळ या एका शक्यतेसाठी मी आपल्या जागी असतो, तर धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आणि टर्बोलगतच्या डाउनपाइपला हातसुद्धा लावला नसता.

घरात काम करण्याबद्दलही दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक गटात टाकला आणि स्टेनलेसच्या धुरात घातक स्वरूपाचे क्रोमियम असते. तळमजल्यावरील खोलीत, खिडकीशी एक पंखा लावून, वर राहणाऱ्या कुटुंबांच्या खाली हे काम करणे मला पटत नाही. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद जागेत तो साचून प्राणवायू हटवतो, हेही लक्षात घ्यावे. मित्रांकडून पैसे घेऊन काम सुरू केल्यावर घरगुती मीटरवर व्यवसाय केल्याचा ठपका येऊ शकतो आणि विद्युत कायद्याच्या कलम 126 नुसार दुप्पट दराने आकारणी होते. सोसायटीची हरकत तर त्याआधीच येईल.

मग काय करावे? एसआयपी न थांबवता आपल्याकडे महिन्याला 10,000 उरतात; ते चार महिने वेगळ्या खात्यात ठेवावेत. त्या 40,000 मधून दक्षिण मुंबईतील सी. पी. टँक आणि कुंभारवाडा परिसरातील स्टीलच्या व्यापाऱ्यांकडून 304 दर्जाचे (स्टेनलेसचा नेहमीचा प्रकार) पाइप व बेंड, नागदेवीच्या हत्यारबाजारातून एक चांगला ग्राइंडर आणि उरलेल्या रकमेत अनुभवी फॅब्रिकेटरची मजुरी भागवावी. मोजमाप, कापणी, घासून कडा जुळवणे आणि गाडीखाली बसवून पाहणे, ही सारी कामे आपण करावीत आणि जोड त्याने मारावेत. या कामात खरे कसब जुळणीत असते. फट राहिलेल्या तोंडांना चांगला वेल्डरही न्याय देऊ शकत नाही. तो काम करत असताना काळ्या काचेआडून पाहत उभे राहिलात, तर चित्रफिती पाहून मिळते त्याहून अधिक शिकाल. वेल्डरचा आयटीआय अभ्यासक्रम एक वर्षाचा असला, तरी अल्प मुदतीचे वर्ग मिळतात. यंत्र घेण्याआधी तेवढे पैसे शिकण्यावर खर्चावेत. त्यानंतरही ओढ टिकली, तर बोनसमधून यंत्र जरूर घ्यावे आणि कामासाठी मोकळी, हवेशीर औद्योगिक जागा शोधावी.

परंतु पहिला पाइप विकत घेण्याआधी विमा कंपनीला आणि आरटीओला कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलण्याविषयी लेखी विचारणा करावी आणि गाडीचा मूळ सायलेन्सर भंगारात न देता माळ्यावर जपून ठेवावा, कारण गाडी विकताना तो परत बसवावा लागेल. लेखी होकार आला नाही, तर हे 40,000 सरळ गाडीच्या कर्जात भरावेत. आगाऊ परतफेडीवर शुल्क लागते का, एवढे बँकेला आधी विचारून घ्यावे.